ठेंगण्या खेळाडूसाठी किती थांबायचं?

प्रश्न : सहा महिन्यांसाठी मुलाकडे कॅनडात, मिसिसागाला आलो आहे. नातू चौदा वर्षांचा, आइस हॉकी खेळतो. पहाटे त्याला रिंकवर सोडायला मीही जातो. पोरगा चपळ आहे, पण संघातली काही मुलं माझ्यापेक्षा उंच, आणि हा त्यांच्या खांद्यालाही लागत नाही. या वेळी त्याला वरच्या संघात घेतलं नाही. "गुणी आहे, पण अंगानं लहान पडतो, थांबू या," असं प्रशिक्षक म्हणाले. मुलगा म्हणतो, एनएचएलचे बडे क्लबसुद्धा अशा मुलांसाठी चार-चार, पाच-पाच वर्षं थांबतात. खरंच थांबतात का? आणि थांबून हाती काय लागतं?
— एक आजोबा, मूळ मुक्काम सांगली

उत्तर : थांबतात, आजोबा. पण सगळे क्लब थांबत नाहीत, आणि जे थांबतात त्यांतल्या अनेकांना आपण नेमके कशासाठी थांबलो आहोत हे ठाऊक नसतं. कोणी उंचीची वाट बघतं, कोणी ताकदीची. उंची पुष्कळदा येत नाही. ताकद येते, पण सावकाश.

आधी तिथली व्यवस्था थोडक्यात. एनएचएल ही तिथली सर्वांत वरची आइस हॉकी लीग, तीत ३२ क्लब आहेत. दर उन्हाळ्यात ते नव्या मुलांची निवड करतात, तिला ड्राफ्ट म्हणतात. आता सात फेऱ्या, २२४ नावं; पूर्वी फेऱ्या जास्त असत. त्या वर्षी १५ सप्टेंबरपर्यंत ज्याला अठरा पूर्ण होतात तो पहिल्यांदा त्यात येतो. नाव पुकारलं म्हणजे पोरगा लगेच मोठ्या मैदानात उतरला असं नसतं. क्लबाला त्याच्यावर फक्त हक्क मिळतो. मुलगा परत आपल्या ज्युनिअर संघात, अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजात किंवा स्वीडन-फिनलंडकडे खेळायला जातो. पुढे बहुतेकांना एनएचएलच्या एक पायरी खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये घासून घ्यावं लागतं. धिप्पाड मुलांचीही यात दोन-तीन वर्षं जातात. लहान चणीच्या मुलाची चार-पाच.

यात धीर धरला तर काय होतं आणि नाही धरला तर काय, हे एकाच क्लबाच्या इतिहासात बघायला मिळतं. तो म्हणजे कॅल्गरी फ्लेम्स. १९८७ मध्ये त्यांनी थिओ फ्लूरी नावाचा मुलगा आठव्या फेरीत, १६६ व्या क्रमांकावर घेतला. उंची पाच फूट सहा इंच. दोन वर्षांत, १९८९ मध्ये, कॅल्गरीनं स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला तेव्हा फ्लूरी त्या संघात होता, आणि कारकिर्दीत त्यानं पुढे हजाराहून जास्त गुण केले. (इथे गोल आणि गोलला दिलेला पास, दोन्हींचा एकेक गुण.) एवढा धडा घरातच गिरवल्यावर या क्लबाला शहाणपण यायला हवं होतं. १९९८ मध्ये त्यांच्याकडे मार्टिन सेंट लुई आला. क्वेबेकमधल्या लाव्हालचा, पाच फूट आठ इंचांचा, व्हरमाँट विद्यापीठातून शिकून आलेला. ड्राफ्टमध्ये त्याला एकाही क्लबानं घेतलं नव्हतं. कॅल्गरीनं दोन हंगामांत त्याला ६९ सामने दिले, तेही बहुतेक तिसऱ्या-चौथ्या फळीत. त्यात चार गोल झाले. २००० साली त्यांनी त्याला सोडून दिलं.

तेव्हा तो पंचविशीचा होता. टँपा बेनं त्याला घेतलं. २००३-०४ च्या हंगामात तो ९४ गुणांनी सगळ्या लीगमध्ये पहिला आला, सर्वोत्तम खेळाडूची हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली आणि त्याच वर्षी टँपानं स्टॅन्ली कपही जिंकला. अंतिम फेरीत समोर कोण होतं? कॅल्गरी फ्लेम्स. २०१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, तो पुन्हा गुणांमध्ये पहिला आला. २०१८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. या सगळ्या काळात त्याची उंची सूतभरही वाढलेली नव्हती.

तिसऱ्या खेपेला कॅल्गरीनं धीर धरला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये चौथ्या फेरीत, १०४ व्या क्रमांकावर त्यांनी जॉनी गोद्रोला घेतलं. वजन बासष्ट-त्रेसष्ट किलो, आणि वय अजून अठराही पूर्ण नाही. जन्म ऑगस्टचा, म्हणजे त्या वर्षीच्या सगळ्यात लहान मुलांपैकी एक. क्लबानं त्याची घाई केली नाही. तीन वर्षं तो बॉस्टन कॉलेजकडून खेळला, २०१४ मध्ये कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूचा होबी बेकर पुरस्कार घेतला आणि त्याच वसंतात एनएचएलच्या पहिल्या सामन्यातल्या पहिल्याच फटक्यावर गोल केला. २०२१-२२ मध्ये ११५ गुण. ऑगस्ट २०२४ मध्ये सायकलवरून जात असताना एका मोटारीनं उडवल्यामुळे तो आणि त्याचा धाकटा भाऊ मॅथ्यू दोघंही गेले. या पिढीच्या लहान चणीच्या पोरांनी आपला माणूस गमावला.

पण गोद्रोची गोष्ट सांगून थांबलो तर ती फसवणूक होईल. त्याच २०११ च्या ड्राफ्टमध्ये, त्याच्या एकाहत्तर क्रमांक आधी, फ्लोरिडानं रॉको ग्रिमाल्डीला घेतलं होतं. तोही लहान चणीचा, पाच फूट सहा इंचांचा, तोही वेगवान, हातात तशीच कला. मधे काही हंगाम तो एनएचएलमध्ये खेळला, पण कारकिर्दीचा मोठा भाग खालच्या लीगमध्ये गेला. धीर धरल्यावर प्रत्येक वेळी फळ मिळतंच असं नाही, बहुतेक वेळा मिळत नाही. 'मूर्ती लहान पण कीर्ती महान' हे आपण ज्यांना कीर्ती मिळाली त्यांच्याबद्दलच म्हणतो.

आता मूळ मुद्दा. लहान दिसणारी मुलं दोन प्रकारची असतात, आणि तुमच्या नातवाच्या बाबतीत हे आधी ओळखायला हवं. एक मुलगा उशिरा वयात येणारा. मुलग्यांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती सरासरी चौदाच्या आसपास, पण कोणाची बारा-तेरालाच सुरू होते, कोणाची पंधरा-सोळाला. म्हणून आठवी-नववीच्या वर्गात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि शेजारच्याचा आवाजही फुटलेला नसतो. थोराड मुलगा पुढे थांबतो, हा मागून येऊन गाठतो. दुसरा मुलगा मुळातच ठेंगण्या घरातला. तो वेळेवर वाढतो आणि ठेंगणाच राहतो. दोघं तेराव्या वर्षी शेजारी उभे केले तर सारखेच दिसतील.

फरक कळतो तो हाडांच्या वयावरून. डाव्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे काढतात आणि हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची मऊ पट्टी किती मिटली आहे ते ठरलेल्या चित्रसंग्रहाशी ताडून बघतात. चौदा वर्षांच्या मुलाचं हाडांचं वय बारा निघालं, तर त्याच्याकडे बरोबरीच्या मुलांपेक्षा वाढीची दोनेक वर्षं जास्त शिल्लक आहेत. लेन हटसन या बचावपटूनं २०२२ च्या ड्राफ्टआधी क्लबांना अशा अर्थाचं डॉक्टरांचं पत्रच दाखवलं होतं : माझी हाडं अजून पक्की झालेली नाहीत, मी वाढणार आहे. सतरा-अठरा वर्षांच्या पोराला नोकरीच्या मुलाखतीला एक्स-रे घेऊन जावं लागावं, यात थोडी गंमत आहे आणि थोडी लाजही. तरीही पहिल्या फेरीत त्याला कोणी घेतलं नाही. माँट्रियल कॅनेडियन्सनं दुसऱ्या फेरीत, ६२ व्या क्रमांकावर घेतलं आणि दोन वर्षं बॉस्टन विद्यापीठात ठेवलं. २०२४-२५ हा त्याचा पहिला पूर्ण हंगाम. ६६ गुण, त्यात ६० पास. पहिल्याच हंगामात बचावपटूनं इतके पास देण्याचा लॅरी मर्फीचा १९८०-८१ चा विक्रम त्यानं गाठला आणि सर्वोत्तम नवोदिताची काल्डर ट्रॉफी घेतली. उंची वाढली? आज कागदावर पाच फूट नऊ इंच आहे. म्हणजे डॉक्टरांचं पत्र खोटं नव्हतं, पण त्या एखाद्या इंचानं काल्डर ट्रॉफी मिळत नाही.

मग दोन वर्षांत झालं काय? ते रिंकच्या कोपऱ्यात दिसतं. उद्या पहाटे गेलात की काचेजवळ उभे राहा. कडेनं साडेतीन फुटांची फळी आणि वर काच असते. पक, म्हणजे खेळातली चकती, कोपऱ्यात गेला की दोघं त्याच्यामागे सुटतात. तुमचा नातू आधी पोचेल. पण पक स्टिकवर घेऊन वळायच्या आत मागून दुसऱ्याचा खांदा येतो आणि हा फळीवर चेपला जातो. एनएचएलमध्ये तो खांदा सरासरी सहा फूट एक इंच, नव्वद किलोंच्या माणसाचा असतो. तिथे पाय रोवून सेकंद-दोन सेकंद तग धरता आला, की पुढचं काम लहान पोरंच जास्त चांगलं करतात. तोल खाली असल्यामुळे ती पटकन वळतात आणि मोठ्याच्या काखेखालून निसटतात. ते दोन सेकंद मांड्यांतून, कमरेतून, पाठीतून येतात. आणि स्नायूंची ताकद उंचीच्या मागून येते : आधी माणूस लांब होतो, मग भरतो, आणि हे भरणं पंचविशीच्या आसपासपर्यंत चालू असतं. अठराव्या वर्षी मोजमाप करून 'हा झेपणार नाही' म्हणणारे नेमक्या चुकीच्या वेळी मोजतात.

अशा मुलांना कॉलेज मानवतं ते याचमुळे. तिथे हंगामाला पस्तीस-चाळीस सामने, तेही बहुतेक शुक्रवार-शनिवारी. बाकीचे दिवस सराव आणि जिम. कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये साठाहून जास्त सामने आणि बसचे लांबलचक प्रवास. गेली अनेक वर्षं कराराचे नियमही तसेच होते : कॉलेजच्या मुलावरचा हक्क क्लबाकडे चार वर्षं राही, ज्युनिअरमधून घेतलेल्यावरचा दोनच वर्षं. दोन वर्षांनी निर्णय करायचाच म्हटलं की क्लब उतावळे होत. जॅरेड स्पर्जनचं तेच झालं. २००८ मध्ये न्यूयॉर्क आयलँडर्सनं त्याला सहाव्या फेरीत, १५६ व्या क्रमांकावर घेतलं. उंची पाच फूट नऊ. दोन वर्षांत करार केला नाही आणि हक्क गेला. मिनेसोटा वाइल्डनं त्याला नुसतं चाचणीला बोलावलं, ठेवून घेतलं, आणि २०२१ मध्ये तो त्यांचा कर्णधार झाला.

थांबणं म्हणजे गप्प बसणं मात्र नव्हे. कोल कॉफील्डचं उदाहरण बघा. पाच फूट आठच्या आतबाहेर, माँट्रियलनं २०१९ मध्ये पहिल्या फेरीत घेतलेला, गोल करण्यात अजोड. २०२१-२२ च्या हंगामात तो पार कोसळला. मधे खालच्या लीगमध्येही पाठवला गेला. तीस सामन्यांत एक गोल. फेब्रुवारी २०२२ मध्ये क्लबानं प्रशिक्षक बदलला आणि आला तो कोण, तर हाच मार्टिन सेंट लुई. उरलेल्या ३७ सामन्यांत कॉफील्डनं २२ गोल केले. त्या चार-दोन महिन्यांत त्याचं वजन काही वाढलं नसणार. त्याला खेळायला मिळालं, पक मिळाला, आणि चुकला तर लगेच बाकावर बसवणार नाही असा माणूस मिळाला.

म्हणून नातवाच्या प्रशिक्षकांना एवढंच विचारा : थांबायचं म्हणता, तर या वर्षी तो बर्फावर किती वेळ असेल? खालच्या संघात पहिल्या फळीत खेळत असेल, महत्त्वाच्या वेळी पक त्याच्याकडे येत असेल, तर खुशाल थांबा. वरच्या संघात जाऊन बाकावर बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं. पण उत्तर मोघम आलं, तर ते थांबणं त्यांच्या सोयीचं आहे, दुसरा क्लब बघायला हरकत नाही. आणखी एक. कॅनडात स्पर्धात्मक हॉकीत अंगावर जाऊन धडक मारायची परवानगी तेरा-चौदाच्या गटापासून सुरू होते, म्हणजे मुलांच्या अंगात सगळ्यात जास्त तफावत असते नेमकी तेव्हा. (त्याआधीच्या, अकरा-बाराच्या गटात ती २०१३ पासून बंद आहे, हे उत्तम झालं.) नातू या वयात धडक घ्यायला आणि चुकवायला नीट शिकतोय ना, हे निवडीपेक्षा जास्त महत्त्वाचं.

प्रश्न : लहान खेळाडू यशस्वी झाल्याची इतकी उदाहरणं आहेत, तर क्लब अजूनही उंच मुलांच्याच मागे का लागतात?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नोकरीपायी, असं माझं मत. सहा फूट तीन इंचांचा मुलगा अपयशी ठरला तर 'अंगकाठी तर होती, पण जमलं नाही' म्हणून निवडणाऱ्याला माफी मिळते. पाच फूट आठवाला अपयशी ठरला तर 'दिसत नव्हतं का?' असं त्यालाच विचारतात. शिवाय बाद फेरीत पंच शिट्टी कमी वाजवतात आणि धसमुसळेपणा वाढतो, ही भीती अगदीच निराधार नाही.

तरी दिवस पालटलेत. २००४-०५ चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात वाया गेला. नंतर लीग सुरू झाली ती नियम बदलून. स्टिकनं अडकवणं, हातानं धरून ठेवणं यांवर पंच कडक झाले आणि मधली लाल रेषा ओलांडून लांब पास द्यायला मुभा मिळाली. चपळ पोरांचं ओझं निम्मं तिथेच उतरलं.

आपल्याकडे मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. निवड करणाऱ्यांना ते जन्मतारखेच्या दाखल्यात दिसतात, हे त्यांच्याही लक्षात येत नाही. कॅनडात वयोगट १ जानेवारीला बदलतो. त्यामुळे जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्यापेक्षा जवळजवळ वर्षानं मोठा असतो, आणि दहाव्या वर्षी ते वर्ष अंगावर दिसतं. मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी हा कल ऐंशीच्या दशकात दाखवून दिला. पुढे २०१३ मध्ये रॉबर्ट डीनर आणि सहकाऱ्यांनी १९८० ते २००७ च्या ड्राफ्टमधले कॅनेडियन खेळाडू तपासले. ३६ टक्के जानेवारी ते मार्चमधले, शेवटच्या तिमाहीतले साडेचौदा टक्के. आणि निवडीचा क्रमांक जमेस धरून पाहिलं, तर पुढे जास्त सामने खेळले, जास्त गुण केले ते वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्यांनी. म्हणजे बाजारात ही पोरं स्वस्तात मिळत होती आणि घेणारे पाठ फिरवत होते.

ताकदीच्या चाचण्यांचंही तेच. २०१४ मध्ये सॅम बेनेटला ड्राफ्टपूर्व चाचणीत एकही पुल-अप काढता आली नाही. तो ठेंगणा नव्हता, नुसता भरायचा होता. वर्तमानपत्रांनी खूप टिंगल केली. २०२५ मध्ये फ्लोरिडानं स्टॅन्ली कप जिंकला तेव्हा बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूची कॉन स्माइथ ट्रॉफी याच बेनेटला मिळाली.

प्रश्न : (सांगलीच्या आजोबांच्याच पत्रातली ता. क.) सूनबाई त्याला रोज दाराच्या दांडीला लटकायला लावते आणि दोन वेळा दूध देते. उपयोग होतो का? शेवटी किती वाढेल हे सांगता येतं का?

उत्तर : लटकल्यानं पंजांची पकड आणि खांदे मजबूत होतील, हॉकीला ते हवंच आहे. उंची वाढणार नाही. दूध चांगलं, पण त्याहून महत्त्वाची झोप. पहाटे पाचला उठवत असाल तर रात्री नऊला झोपवा. पावडरींच्या डब्यांवर पैसे घालवू नका. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शनं ठरावीक आजारांसाठीच असतात. खेळासाठी ती घेणं उत्तेजकविरोधी नियमांत बसत नाही.

शेवटची उंची अंदाजे सांगता येते. आई-वडिलांची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवा, दोनानं भागा. वडील १६८ आणि आई १५७ असेल तर उत्तर येतं १६९. त्याच्या आठ-साडेआठ सेंटिमीटर खाली-वर धरा. म्हणजे अशा घरातला मुलगा सहा फुटी होण्याची शक्यता नगण्य, पण सेंट लुईइतका होणं सहज शक्य. तुमच्या घरचे आकडे घालून बघा. कॅनडातले डॉक्टर वाढीचा आलेख बघतात तो जागतिक आरोग्य संघटनेचा, त्यावर आपली मुलं थोडी खालीच दिसतात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे २०१५ चे आलेख आहेत, पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकारानं झालेले. तेही डॉक्टरांना दाखवा. चौदा पूर्ण होऊनही वयात येण्याची कसलीच चिन्हं नसतील, किंवा वाढीची रेघ सपाट झाली असेल, तर मुलांच्या संप्रेरकतज्ज्ञांना भेटायला उशीर करू नका. तसं नसेल तर उंची आता एकदा आणि सांगलीला निघताना एकदा, एवढीच मोजा. पोराला रोज भिंतीशी उभं करू नका.